पाचव्या कडव्याची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळे आणि तांबडे पट्टे, सात हात लांबी, चार हात रुंदी, आणि एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेलं भोक. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की सुस्कारे सोडतात, डोळे पुसतात. मला डोळे नाहीत, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आणि खरं सांगायचं तर मला रडू येत नाही, मला राग येतो. तुम्ही थोडा वेळ बसणार असाल तर कशाचा राग येतो तेही सांगते. बसा. माझ्यावर बसलात तरी चालेल, सगळेच बसतात.

माझा जन्म धुळ्याचा, १९८३ सालचा. एका गल्लीत दोन माग होते, त्यातल्या एकावर मला विणलं. विणणारा माणूस लोखंडी पंजानं माझे धागे असे ठोकून ठोकून बसवत असे की शेजारच्या घरातलं तान्हं मूल त्या ठोक्यावर झोपी जाई. त्यानं माझ्यात लबाडी केली नाही, हे मात्र मी मान्य करते. माझ्याबरोबर विणलेल्या कितीतरी सतरंज्यांचा आतापर्यंत पोतेरा झाला असेल.

मला विकत घेतलं सुनंदाबाईनं. ती भुसावळजवळच्या दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहते. नवरा चुडामण वीज केंद्रात पाळीवर कामाला. घर ख्रिस्ती, दोन खोल्यांचं, आणि कायम माणसांनी भरलेलं. दर गुरुवारी घरी प्रार्थनेला मंडळी जमत, तेव्हा मी अंथरली जाई. कोणाचं बारसं असलं की मी, कोणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला तरी मीच. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळत. एका वर्षी मिरच्या वाळवल्या, त्याचा ठसका पुढचे चार गुरुवार प्रार्थनेला आलेल्या प्रत्येकाला लागला. पाळकसाहेब प्रार्थनेच्या मध्येच असे काही शिंकले की लोकांना वाटलं आमेन झालं, आणि सगळे उठले.

या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. सतरंजीचा जन्म घेतला की लोक बसणारच. माझी तक्रार सुनंदाबाईबद्दल आहे. या बाईनं मला शेकडो वेळा अंथरलं असेल. कोपरे ओढून, सुरकुत्या काढून, तळहातानं सारखी करून. पण ती स्वतः माझ्यावर टेकली म्हणाल, तर बोटांवर मोजावं लागेल. टेकायची तीही काठावर. एक गुडघा माझ्यावर, एक जमिनीवर, आणि कान स्वयंपाकघराकडे. कोणी नुसतं खोकलं तरी ही पाणी आणायला उठलीच. माणूस बसला की त्याचं वजन मला कळतं. हिचं वजन मला कित्येक वर्षं पूर्ण कळलंच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. धुळ्याला दर दोन वर्षांनी, नाताळ झाला की, एका शाळेच्या मैदानावर ख्रिस्ती भजनांचा मेळा भरे. तीन दिवस गाणं. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांपासून जळगाव-भुसावळपर्यंतची मंडळी येत, शाळेच्या वर्गांत मुक्काम करत. पेटी, तबला, झांजा, आणि एकाहून एक गाणारी माणसं. त्यातले सर्वांत मोठे रुपचंद मास्तर. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले शाळामास्तर. भजनं स्वतः रचायचे, स्वतः गायचे. आवाज जाडाभरडा, पण ऐकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा.

१९८४ च्या मेळ्याला सुनंदाबाईला जाता आलं नाही, कारण नणंदेचं बाळंतपण होतं. तिचा भाऊ गेला आणि टेपवर मास्तरांची गाणी भरून घेऊन आला. त्या एका कॅसेटनं आमच्या घराची शांतता घालवली. सकाळी भाकरी करताना मास्तर, दुपारी निवडणं करताना मास्तर. चुडामण रात्रपाळी करून झोपला की टेपवर उशी ठेवून मास्तर. कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं भजन होतं मार्थेचं.

मार्थेची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी. त्यांच्या घरी प्रभू येशू पाहुणा आला. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था एकटी चुलीपाशी राबत राहिली. शेवटी मार्था चिडली. म्हणाली, हिला सांगा ना मला मदत करायला. तर प्रभू म्हणाला, मार्थे, तू फार गोष्टींची काळजी करतेस, मरियेनं चांगला वाटा निवडलाय. शास्त्रात गोष्ट इथं संपते. मार्थेचं पुढं काय झालं, ती जेवली की नाही, कोणी सांगत नाही.

मास्तरांचं भजन असं सुरू होई:

दारी आला धनी माझा, मार्थे तुला उमजेना,
चुलीपाशी जन्म गेला, धूर काही संपेना.

पहिल्या कडव्यात पाहुणा येतो, दुसऱ्यात मार्था पीठ मळते, तिसऱ्यात बहिणीची तक्रार करते, चौथ्यात तिला बोलणी बसतात. मग मास्तर श्वास घेतात, पेटी चढते, आणि पाचवं कडवं सुरू होतं. "उठला..." आणि खट्. कॅसेटची बाजू संपते.

उठला! कोण उठला?

मित्रांनो, या एका शब्दानं आठ वर्षं सुनंदाबाईचा पिच्छा पुरवला. तिला धास्ती होती की प्रभूच उठला. रागावून उठला आणि न जेवता निघून गेला. "एवढं रांधलं बिचारीनं," ती डाळ निवडता निवडता पुटपुटे, "आणि पाहुणा ताटावरून उठून गेला तर काय राहिलं तिचं?" मी खाली अंथरलेली असे, म्हणून मला हे सगळं ऐकावं लागे.

तिनं चुडामणला विचारलं. तो म्हणाला, "कोणी का उठेना. तू उठ आणि भाकर वाढ."

तिनं मेळ्याला गेलेल्या भावाला विचारलं. तो डोकं खाजवायला लागला. "अक्का, त्या वेळेला आम्ही जेवायला उठलो होतो."

यात त्याचा दोष नाही. मार्थेचं भजन हे दुपारच्या बैठकीचं शेवटचं भजन. त्यानंतर जेवण. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. गव्हाची बट्टी गोवऱ्यांवर भाजून तुपात घोळवली की तिचा वास मैदानभर पसरतो. चौथ्या कडव्याला तो वास मांडवात शिरे, आणि मंडळी ताटं शोधायला लागे. त्यात भिकन. हा मेळ्याचा स्वयंसेवक, पन्नाशीचा, छातीला बिल्ला, गळ्यात शिट्टी. पाचवं कडवं सुरू झालं की हा दुसरा माईक तोंडाशी धरून ओरडायला लागे, "आधी पाहुणे, मग बायका-पोरं, मग बाकीचे! कोणी गर्दी करू नये! आपापली ताटं धुऊन ठेवावी!" भोंग्यातून मैदानभर ताटंच ऐकू येत. मास्तरांचं पाचवं कडवं ऐकायचं तर अगदी पुढं, व्यासपीठाच्या पायथ्याशी बसायला हवं, दुसरा उपाय नाही.

सुनंदाबाईनं मास्तरांना पोस्टकार्डही टाकलं होतं. उत्तर आलं एका ओळीचं. 'भजन कानानं ऐकायचं असतं, या.'

म्हणून १९८६ ला आम्ही गेलो. मी एस.टी.च्या टपावर, सुतळीनं बांधलेली. दीपनगर, भुसावळ, नशिराबाद, जळगाव, मग एरंडोल-पारोळा करत धुळं. अंग नुसतं खिळखिळं झालं.

मेळ्यात जागा धरायची रीत होती. सकाळी लवकर जाऊन आपली सतरंजी अंथरायची, तिच्यावर शास्त्राचं पुस्तक किंवा चपलेचा जोड ठेवायचा, की ती जागा आपली. कोणी हलवत नसे. सुनंदाबाईनं मला पहिल्या रांगेत अंथरलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

दहा वाजता तिची नणंद ताईबाई आली. ताईबाईचं आणि माझं कधी पटलं नाही. तिचं वजन भरपूर आणि ती बसली की उठत नाही. "अगं बाई, किती मोठी सतरंजी!" म्हणाली, आणि आपली चार मुलं, जाऊ, जावेची आई आणि शेजारणी घेऊन बसली. सुनंदाबाई हसून सरकली, परत सरकली. दुपारी ती माझ्या काठावरून सरकून अर्धी धुळीत बसलेली होती. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मांडवातून निरोप आला. तिथल्या मुख्य भिकुबाई म्हणत होत्या, सातशे माणसांची भाजी घोटायची आहे, दीपनगरच्या बाईचा हात बरा आहे म्हणतात. सुनंदाबाई उठली. मार्थेचं भजन सुरू झालं तेव्हा ती शाळेच्या मागं, पातेल्यात लाकडी रवी फिरवत होती. भोंग्यातून भिकन सांगत होता, आपापली ताटं धुऊन ठेवावी.

इकडं पाचवं कडवं ताईबाईनं ऐकलं असेल, असं तुम्हाला वाटेल. परतीच्या एस.टी.त सुनंदाबाईनं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कोणतं कडवं? मला जरा डुलकी लागली होती वहिनी. पण भाजी झकास झाली होती हां!"

आणि मी? मी ऐकलं असेल, असंही वाटेल. मित्रांनो, माझ्यावर अकरा माणसं बसली होती. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

१९८८ ला ती ठरवूनच आली होती की स्वयंपाकाकडं फिरकायचं नाही. ताईबाईलाही निम्म्या सतरंजीच्या पलीकडं येऊ दिलं नाही. चौथं कडवं सुरू झालं. मी श्वास रोखला. आणि भोंगा कडाडला. भिकन! "दीपनगरच्या सुनंदाबाई जिथं असतील तिथून त्यांनी स्वयंपाकाच्या मांडवात यावं! वरणाला फोडणी द्यायची आहे! दीपनगरच्या सुनंदाबाई!" सातशे माणसांनी माना वळवल्या. उठली. उठायलाच हवं होतं का? दुसऱ्या कोणाला फोडणी देता येत नव्हती? पण नाही. पदर खोचत, माझ्यावरून, चक्क माझ्यावरून धावत गेली. ती उठली की दर मेळ्याला ताईबाईची माणसं तिच्या जागी सरकत, आणि मला काही ऐकू येत नसे.

१९९० ची गोष्ट सांगायची मला लाज वाटते, कारण तिनं त्या वर्षी खोटेपणा केला. सकाळी उजव्या हाताला तिनं पांढरी पट्टी गुंडाळली. भिकुबाईंना दाखवून म्हणाली, "हात भाजला हो. काल स्टोव्हवर." भिकुबाईंनी चुकचुक केलं आणि तिला सोडून दिलं. सुनंदाबाई येऊन माझ्या मधोमध बसली. पहिल्यांदाच तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. मला वाटलं, खोटं तर खोटं, पण आज जमलं.

मार्थेच्या भजनाआधी पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. पावसासाठी, पिकासाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. मग म्हणाले, "आणि हे प्रभू, आमची एक भगिनी, जी दर मेळ्याला आपल्या हातांनी आम्हा सर्वांना जेवू घालते, तिचा हात भाजला आहे. त्या हाताला तू स्पर्श कर." सगळा मांडव म्हणाला, "आमेन." मागून कोणीतरी म्हातारा हुंदका देऊन म्हणाला, "बरं कर तिले देवा, भलती गुणी बाई शे!" ताईबाईनं तर तो पट्टीचा हातच दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून प्रार्थना करायला लागली.

सुनंदाबाईचे कान तांबडे झाले असणार, कारण तिच्या अंगाची आग मला खालून जाणवत होती. दोन मिनिटं तिनं कशीबशी काढली. मग पट्टी सोडून पदरात कोंबली आणि उठून तडक मांडवाच्या मागं गेली. भिकुबाईंनी विचारलं, "अगं, हात?"

"बरा झाला," सुनंदाबाई म्हणाली, आणि रवी उचलली.

पुढं दोन वर्षं प्रार्थनेला जमणारे लोक सांगत असत, धुळ्याच्या मेळ्यात एका बाईचा भाजलेला हात प्रार्थना संपायच्या आत बरा झाला. हे ऐकून सुनंदाबाई उठून आत जाई.

मग आला १९९२. त्या वर्षी मेळ्याआधीच बातमी पसरली होती की रुपचंद मास्तरांचा घसा गेलाय, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. ते एकदाच गाणार, शेवटचं, आणि नंतर नाही. सुनंदाबाईनं आठवडाभर आधी मला तापीच्या काठी नेऊन रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. बडवून बडवून माझ्यातली नऊ वर्षांची धूळ काढली. दुखलं, पण छान वाटलं. परत निळी-तांबडी दिसायला लागले.

या खेपेला तिनं सगळा हिशोब बांधला होता. पहाटे उजाडायच्या आत पहिल्या रांगेत मला अंथरलं, वर शास्त्राचं पुस्तक ठेवलं. मग स्वतः होऊन स्वयंपाकाच्या मांडवात गेली. म्हणाली, "भिकुबाई, भाजी आत्ताच घोटून देते, फोडणी आत्ताच देते. दुपारी मला हाक मारायची नाही. मी मेले असं समजा."

"अशुभ बोलू नको बाई," भिकुबाई म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

आता माझं काय झालं ते ऐका. नऊच्या सुमाराला व्यासपीठावर चहाचं पातेलं कलंडलं. गाणाऱ्यांच्या बैठकीची जाजमं चहानं चिंब. भिकन शिट्टी वाजवत खाली उतरला आणि पहिल्या रांगेवरून नजर फिरवायला लागला. एक सतरंजी फाटकी, एक कळकट, एकीवर कोणाचं तरी मूल झोपलेलं. आणि मी? नुकती धुतलेली, कडक, लख्ख. सुनंदाबाईच्या कष्टानंच माझा घात केला. भिकननं शास्त्राचं पुस्तक अदबीनं उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवलं, मला ओढलं, आणि नेऊन व्यासपीठावर मास्तरांच्या पेटीखाली अंथरलं. मी किंचाळले असते, पण सतरंजीला कोण विचारतं.

दुपारी मास्तर येऊन माझ्यावर बसले. हलकं, काटकुळं शरीर. गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेला. त्यांनी पेटी पुढं ओढली, आणि त्याच वेळी मला खालून सुनंदाबाईचा आवाज आला.

"माझी सतरंजी कुठंय?"

तिच्या जागी आता एक भुसावळचं कुटुंब ऐसपैस बसलेलं होतं. भिकन पुढं आला. "अहो अक्का, वर दिलीय, मास्तरांसाठी. मान आहे तुमच्या सतरंजीचा! तुम्ही मागं बसा ना कुठंतरी. मागूनही ऐकू येतं."

"मागून काय ऐकू येतं ते मला माहीत आहे," सुनंदाबाई म्हणाली. "मागून तुम्ही ऐकू येता."

आजूबाजूची माणसं हसली. भिकन जरा चमकला. "आता भजन सुरू होतंय. उगीच तमाशा करू नका. तुमच्यासारख्या शांत बाईनं..."

मी तिला ओळखते. अशा वेळी ती सरकायची, हसायची, मागं जायची. पण त्या दिवशी ती व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून वर आली. सातशे माणसं बघत होती. तिचं पहिलं पाऊल माझ्यावर पडलं.

"मास्तर, सलाम," ती म्हणाली. "तुम्ही बसलात ती सतरंजी माझी आहे. मी सहा वर्षं हिला पहिल्या रांगेत अंथरतेय. तुम्ही उठा असं म्हणत नाही, पण मी इथून खाली जाणार नाही."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग पेटीवरचा हात उचलून त्यांनी माझ्यावर, आपल्या शेजारी थाप मारली. "मंग बस नं वं माय. तुनी सतरंजी, तुनी जागा. मी तं पाव्हना शे."

ती बसली. मांडी घालून, पूर्ण. मास्तर हलके, ती भारी. माझा एक कोपरा वर आणि एक खाली झाला. पण माझी काही तक्रार नव्हती.

मास्तरांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. दुसऱ्या कडव्याला तर फक्त हवाच निघाली. ओठ हलले, सूर आला नाही. पेटी एकटी वाजत राहिली. तेव्हा सुनंदाबाईनं खाली मान घालून, जमिनीकडं बघत, ती ओळ म्हटली. भाकऱ्या थापताना म्हणायची तशीच. मास्तरांनी मान डोलावली, तिच्या ओळीवर आपली ओळ टेकवली आणि पुढं निघाले. तिसरं झालं. चौथं झालं. मार्थेला बोलणी बसली.

बट्टीचा वास आला. मांडवात ताटं वाजायला लागली. भिकननं दुसरा माईक तोंडाशी नेला. "आधी पाहुणे..."

"भिकनभाऊ!" सुनंदाबाई म्हणाली. तिच्यापुढं मास्तरांचा माईक होता, त्यामुळे ते मैदानभर गेलं. "दोन ओळी राहिल्यात. जेवण पळून जात नाही."

भिकनचा हात खाली आला. आणि तेवढ्यात मांडवाच्या मागून भिकुबाई धावत आल्या. पहाटे दिलेला शब्द विसरून, हात हलवत, "सुनंदाबाई! अगं सुनंदाबाई! वरण लागायला आलंय! खाली लागलं गं!"

मास्तरांनी श्वास घेतला. पेटी चढली.

"उठला..."

आणि माझ्यावरचं वजन हललं. मित्रांनो, मी तिचा एक गुडघा उचललेला ओळखते. हजार वेळा ओळखलाय. तिचा तळहात माझ्यावर टेकला, जोर आला, ती उठत होती. सहा वर्षं, चार मेळे, एस.टी.चा टप, आणि आता या क्षणाला ही बाई वरणासाठी उठत होती! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्या हातात एकच गोष्ट होती. माझी एक सुरकुती तिच्या पायाच्या बोटात अडकली होती. ती मी सोडली नाही.

उगीच श्रेय घेत नाही. तिनं जोर केला असता तर सतरंजीची काय ताकद. तिनं जोर केला नाही. ती भिकुबाईंकडं बघून म्हणाली, "लागू द्या." आणि परत खाली बसली.

मास्तर तिच्यासाठी थांबले होते. मग म्हणाले:

उठला धनी पाटावरून, पळी घेतली हातातून,
"बैस मार्थे, दमलीस तू, मीच आणतो वाढून."

एवढंच. दोन ओळी. मला वाटलं, यासाठी आठ वर्षं? पण माझ्यावर काहीतरी टपटप पडायला लागलं, आणि मी माझा प्रश्न मागं घेतला.

"पुन्हा म्हणा," सुनंदाबाई म्हणाली.

तोवर अर्धा मांडव रिकामा झाला होता. ताटं घेऊन माणसं रांगेला लागली होती. मास्तरांनी उरलेल्या आवाजात ते कडवं पुन्हा म्हटलं, मग मफलर सारखा केला. "अठरा वरीस व्हयनात हाई गानं गातोय," ते तिला म्हणाले. "पाचवं कडवं कोनी आयकतंच नही. बठ्ठा लोके जेवाले पळतस. तूच पहिली, माय."

"न जेवता गेला असेल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

"कसा जाई? भुका व्हता नं तो."

दोघं हसले. मास्तरांना खोकला आला. त्यांना हाताला धरून खाली नेलं. त्यानंतर ते कधी मेळ्यात गायले नाहीत.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवशी कोणीतरी सुनंदाबाईला म्हणालं असेल, बस तू, आम्ही ताट आणतो. नाही मित्रांनो. भिकन नाही, ताईबाई नाही, प्रार्थना करून हात बरा करणारे ते सातशे लोक नाहीत. माझी घडी घालून ती खाली उतरली तेव्हा रांग संपली होती. तिच्या वाट्याला गार बट्टी आली, भाजी पातेल्याच्या तळाची, आणि वरण खरोखरच लागलेलं. ते तिनं उभ्यानं खाल्लं, गुणगुणत. एस.टी.त ताईबाईनं विचारलं, "वहिनी, आज वरणाला करपट वास होता ना?" तर ही म्हणाली, "हो. मीच लागू दिलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. एवढं खूश मी तिला तिच्या मुलीच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

आता १९९८ आहे. मेळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. सतरंज्यांची जागा गेली. मी दीपनगरच्या घरात गव्हाच्या कोठीवर घडी होऊन पडलेली असते. उंदीर माझ्याकडं येतात, माणसं येत नाहीत. गुरुवारी मात्र अजून मला काढतात. सुनंदाबाईचे गुडघे दुखतात, तरी अंथरते तीच. कोपरे ओढते, तळहात फिरवते, आणि मंडळी बसली की आत चहा ठेवायला जाते. हो, अजूनही जाते. एका भजनानं माणूस बदलतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. फक्त आता दर दोन-तीन गुरुवारांनी एकदा ती चहा तसाच गॅसवर ठेवून बाहेर येते, मधोमध मांडी घालून बसते, आणि शेवटच्या आमेनपर्यंत हलत नाही. त्या दिवशी चहा उतू जातो. प्यायला मिळाला नाही तर लोक कुरकुरतात.

तर मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, धुवा, उंदरांपासून जपा, हे मी सांगायलाच हवं, कारण जुनी वस्तू म्हणून माझा तो हक्क आहे. पण माझी विनवणी निराळी आहे. कुठंही बसायला गेलात, की खाली बघा. सतरंजी असेल तर ती आपोआप अंथरलेली नसते. इकडंतिकडं बघून विचारा, ही कोणी अंथरली? ती बाई दाराशी उभी असेल, किंवा आत असेल. तिला हाक मारा. "येते, येते" म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. ती येऊन मांडी घालून बसेपर्यंत तुमच्यातलं एकजण जाऊन चहा बघा. साखर डाव्या हाताच्या डब्यात आहे.